दोन बोटांचा फरक

१

खण उघडा होता आणि लाल पेनड्राइव्ह त्यात नव्हता.

दहावीतल्या कॅप्टननं खण पुरता बाहेर ओढला, उलटा केला, झटकला. दोन खडू, एक खोडरबर आणि गिटारची तुटकी तार एवढंच खाली पडलं. कॅप्टन म्हणजे या म्युझिक व्हिडिओची दिग्दर्शिका. तिचं खरं नाव हजेरीपटावर होतं; शाळेत ते कुणी वापरत नसे.

"काल संध्याकाळी इथेच होता," ती म्हणाली. "सर, इथेच होता ना?"

संगीताच्या सरांनी मान हलवली. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांच्या मागच्या भिंतीवर चोवीस चित्रं ओळीनं टाचलेली होती. गाण्याच्या कुठल्या ओळीला कॅमेरा कुठे, कोण कुठे उभं राहणार, उजेड कुठून येणार, सगळं त्यांत काढलेलं. तीन महिन्यांची मेहनत. उद्या सकाळी आठ वाजता सभागृहात शूटिंग होतं. सभागृह तेवढ्या एका दिवसापुरतंच मिळालं होतं. दीडशे मुलं प्रेक्षक म्हणून बसणार होती. सगळं तयार होतं. फक्त गाणं नव्हतं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पाच मिनिटांत येऊन पोचल्या.

"दुसरी प्रत?"

"नाही," सर म्हणाले. "चूक माझी. गाणं आधी बाहेर फुटलं तर स्पर्धेतून नाव बाद होतं. म्हणून मीच म्हणालो, फोनवर नको, घरी नको. हा लॅपटॉप इतका जुना की त्यावर काही ठेवायची सोय नाही. एकच पेनड्राइव्ह."

"मग पुन्हा गाऊन घ्या."

"गाणार कोण? बुलबुलचा घसा महिनाभर बसलाय. एक शब्द बोलत नाही पोरगा, कागदावर लिहून दाखवतो."

मोठ्या बाईंनी खोलीभर नजर फिरवली आणि ती दाराशी उभ्या असलेल्या उंच मुलावर थांबली. त्याच्या गळ्यात कॅमेऱ्याचा पट्टा होता.

"खोली सकाळी कुणी उघडली?"

"मी," तो म्हणाला. "सातला. रोजच उघडतो, बॅटऱ्या चार्जिंगला लावायला."

"मग?"

"मग सभागृहात वायर ओढायला गेलो. अर्धा तास."

"आणि कुलूप?"

त्याची धाकटी बहीण त्याच्या शेजारीच उभी होती. त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा मुठीत घट्ट धरल्याचं तिला दिसलं.

"नाही लावलं."

"बाई, मला चुगली करायची नाही," कॅप्टन हळूच म्हणाली, "पण काल तालमीत आमचं भांडण झालं. तेव्हा हा सगळ्यांसमोर ओरडला होता, 'बघतोच मी शूटिंग कसं होतं ते!'"

"रागात बोललो गं मी!"

"बोललास ना पण?"

मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "तीन वाजेपर्यंत पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर आला नाही, तर शूटिंग रद्द. आणि तीन वाजता मी तुझ्या आईला फोन लावणार. तोवर कॅमेरा माझ्याकडे दे."

त्यानं पट्टा डोक्यावरून काढला. तीन वर्षांत तो कॅमेरा त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिला नव्हता.

२

बहीण आठवीत होती आणि सगळे तिला नोंद म्हणत. तिचं कामच ते होतं. आज एक तुकडा चित्रित करायचा आणि त्याला जोडून येणारा तुकडा चार दिवसांनी. मधल्या काळात नटाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या की सोडलेल्या, खुर्ची डावीकडे होती की उजवीकडे, हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पडद्यावर मात्र चूक लगेच दिसते. म्हणून नोंद सगळं टिपून ठेवायची. तिच्या जाड वहीत तीन महिने होते.

सगळे गेल्यावर ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, मी विचारू का सगळ्यांना?"

सरांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. "विचार. पण चोर समजून विचारू नकोस. आणि समोरच्याला बोलायला वेळ दे. बरीच माणसं तिसऱ्या वाक्यानंतर खरं बोलायला लागतात."

दादा खिडकीत पाठमोरा बसला होता. "तू जा वर्गात."

"दादा, काल काय काय ठेवलंस खणात?"

"दोन पेनड्राइव्ह. लाल आणि निळा."

नोंद दचकली. "खणात तर एकही नव्हता."

ती टेबलाशी गेली आणि लॅपटॉप वळवून पाहिला. निळा पेनड्राइव्ह त्याच्या मागच्या बाजूला तसाच खोचलेला होता. कुणाचं तिकडे लक्षच गेलं नव्हतं.

"मी नाही लावला," दादा म्हणाला. "काल तालीम संपल्यावर सगळे गेले, मग मी एकट्यानं तो बनवला आणि दोन्ही खणात टाकले."

निळ्याची हकिगत अशी. एका कडव्यात बुलबुल संथपणे चालत येताना दिसायचा होता, पण ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवे होते. त्यासाठी एक युक्ती असते. तेवढं कडवं दुप्पट वेगानं वाजवायचं, नटानं त्या वेगाशी ओठ जुळवायचे, कॅमेराही दुप्पट वेगानं चालवायचा. मग चित्र निम्म्या वेगावर आणलं की ओठ मूळ गाण्याला बरोबर बसतात आणि बाकीचं जग सावकाश हलतं. मंगळवारच्या बैठकीत दादानं हे समजावून सांगितलं होतं. कडवं दुप्पट वेगानं वाजलं की चिमण्या भांडल्यासारखं ऐकू येतं, हे सांगितल्यावर सर खो खो हसले होते.

"त्यातून गाणं परत मिळणार नाही," दादा म्हणाला. "एकच कडवं आहे."

नोंदनं लॅपटॉपवर नुकत्याच वाजवलेल्या गाण्यांची यादी काढली. सगळ्यात वर निळ्यातलं कडवं होतं. वेळ: आज सकाळी, सात वाजून चोवीस मिनिटं.

"दादा, चोरानं हे ऐकलंय."

दादा उठून तिच्यामागे आला. यादी वाचून त्याचा आवाज एकदम खाली गेला.

"सात चोवीसला शाळेत कोण असतं? शिपाईकाका फाटकावर आणि मी. हे बघितलं की बाई म्हणणार, दुसरं कोण?"

नोंदनं निळा काढून खिशात टाकला. त्याबद्दल ती फक्त सरांशी बोलली, आणखी कुणाशी नाही.

३

कॅप्टन सभागृहात जमिनीवर बसून होती, समोर उद्याचं वेळापत्रक.

"तुझ्या भावाची वकिली करायला आलीस?"

"नाही. कालचं भांडण नीट लिहून घ्यायला आलेय. माझ्या वहीत अर्धंच आहे."

कॅप्टननं सुस्कारा टाकला. "अगं, दोन महिन्यांपूर्वी आपण चाचणी घेतली, आठवतंय? बुलबुल जमिनीवरच्या त्या फुलीवर उभा, कॅमेरा समोर, डोक्यावर बरोबर हवी तेवढी जागा. काल तीच फुली, तोच कॅमेरा, आणि बुलबुलचं डोकं वरून कापलं जात होतं! दोन बोटं. मी म्हटलं, तू स्टँड हलवलास. तर म्हणे, हात लावला नाही. म्हटलं, मग डोकं आपोआप फ्रेमबाहेर गेलं का? तिथून पेटलं सगळं."

"स्टँड हलवला नव्हता त्यानं."

"तू बहीण आहेस."

"पायांभोवती मीच खडूनं वर्तुळं काढलीत. काल तिन्ही पाय वर्तुळातच होते. उंचीही चौथ्या खुणेवर. वहीत आहे."

कॅप्टननं वहीत डोकावून पाहिलं आणि ओठ चावला. "मग कॅमेऱ्यातच काहीतरी बिघडलं असेल," ती म्हणाली, पण पूर्वीइतक्या ठामपणे नाही.

"भांडणानंतर काय झालं?"

"काही नाही. मी बुलबुलला सूचना दिली. शुक्रवारी, म्हणजे उद्या, नुसते ओठ हलवायचे नाहीत. स्पीकरबरोबर खरंच गायचं, पूर्ण आवाजात."

"रेकॉर्ड होणार नसताना?"

"त्याशिवाय खरं दिसत नाही. गाताना छाती भरते, गळ्याच्या शिरा ताणतात. नुसते ओठ हलवले की माशासारखं दिसतं. त्यानं घशाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, कसाही आवाज लागू दे, कोण ऐकणार आहे?"

"दीडशे मुलं ऐकणार आहेत."

"ती टाळ्या वाजवायला आहेत."

नोंदनं ते लिहून घेतलं. निघताना तिनं सहज विचारलं, "मंगळवारच्या बैठकीला आपण किती जण होतो गं?"

"चौघंच. सर, मी, तू आणि तुझा भाऊ. गिरकी खेळाच्या सरावाला होती, बुलबुल डॉक्टरकडे. मोठे कलाकार ना ते!"

४

गिरकी नववीतली, आणि तिला नाचताना पाहिलेल्या कुणालाही हे नाव का पडलं ते सांगावं लागत नसे. ती जिन्याच्या कठड्यावर बसून पाय हलवत होती.

"चांगलं झालं हरवला तो," तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलं. "लिही तुझ्या वहीत. मोठ्या अक्षरात लिही."

"का?"

"आधी माझं अख्खं कडवं होतं नाचाचं. मग अर्धं झालं. परवा बघते तर आठ सेकंद! आठ! तेवढ्यात मी फक्त प्रवेश करते. मग कॅमेरा म्हणतो, धन्यवाद, आता खिडकी दाखवूया. खिडकी काय नाचते का?"

नोंदला हसू आवरेना. गिरकीही हसली, मग पुन्हा गंभीर झाली.

"पण मी घेतला नाही. मला राग आला की मी तोंडावर बोलते. कॅप्टनला विचार, तिचे कान अजून गरम असतील."

"सकाळी कधी आलीस?"

"सव्वासातला. मैदानात धावत होते. हो हो, मला कळतंय तू काय विचारतेयस. एकटीच होते."

"गाण्याचे पेनड्राइव्ह किती होते?"

"म्हणजे? एकच ना. तो लाल." गिरकीनं डोळे बारीक केले. "का गं? दुसराही आहे? मग रडताय कशाला सगळे?"

नोंद वहीत लिहू लागली. गिरकी मंगळवारी नव्हती. सकाळी सव्वासातला शाळेत होती. तिला रागही होता. तीन गोष्टी एकीखाली एक लिहून झाल्या, तरी नोंदचं पेन तिथंच अडलं.

खरंच एकच माहीत होता, की आपल्याला एकच माहीत असल्याचं ती दाखवत होती?

५

बुलबुल वरच्या मजल्यावर थंड पाण्याच्या यंत्रापाशी सापडला. आठवीतला, नोंदच्याच वर्गातला. गळ्याभोवती राखाडी मफलर, हातात छोटी कागदांची गड्डी. पेला काठोकाठ भरून तो घटाघटा पाणी प्यायला आणि नोंदला पाहून त्यानं पेला खाली ठेवला.

"तुला कळलं ना?"

त्यानं मान डोलावली.

"वाईट वाटत असेल. आवाज तुझाच होता."

त्यानं खांदे उडवले आणि खिडकीबाहेर बघत राहिला. नोंदला सरांचं आठवलं. ती घाई न करता शेजारी टेकली. यंत्र घरघरत होतं. बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "सकाळी काही दिसलं का तुला? कुणी खोलीपाशी?"

मान आडवी.

"आता काय करायचं रे?"

त्यानं गड्डीवर भराभर लिहिलं, पान फाडलं आणि तिच्या हातात दिलं.

'लाल गेला. निळा बिघडलेला. आता नवीन गाणारं कुणीतरी शोधा. नववीत चांगल्या मुली आहेत. माझी वाट बघू नका.'

"असं का म्हणतोस? घसा बरा होईल की."

त्यानं मफलर आणखी आवळला आणि वर्गाच्या दिशेनं चालू लागला. आखूड पँटखालून त्याचे मोजे दिसत होते. नोंदनं सवयीनं ते पान वहीत चिकटवलं, खाली वेळ लिहिली: बारा वाजायला पाच मिनिटं.

तीन तास उरले होते आणि तिच्या हातात अजून काहीच नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. खरं तर या घडीला तिला जे जे माहीत होतं ते सगळं तुम्हालाही माहीत आहे. पुढचं पान उलटण्याआधी जरा विचार करून पाहा.

६

मधल्या सुट्टीत नोंद वाचनालयाच्या कोपऱ्यात वही उघडून बसली. तिनं सगळ्यांत आधी एकच प्रश्न लिहिला.

'दादानं घेतला असेल का?'

त्याच्याकडे किल्ली होती. राग होता. निळा लॅपटॉपला लावून, वाजवून, दुसऱ्या कुणाचं काम आहे असं भासवायची अक्कलही होती. भाऊ आहे म्हणून त्याला यादीतून वगळलं, तर ती यादी कसली? तिनं सगळं ताडून पाहिलं. घंटा झाली, तास सुरू झाला, तरी ती उठली नाही.

मग तिनं दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. चोरानं निळा लावून का पाहिला? त्यात गाण्याची दुसरी प्रत आहे का, हे बघायला. म्हणजे त्यात काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. ऐकल्यावर त्यानं तो सोडून दिला. कारण? ऐकलं ते त्याला निरुपयोगी वाटलं.

निरुपयोगी.

पेन खाली पडलं. तिनं वहीची पानं मागे उलटली आणि चिकटवलेल्या कागदावर बोट ठेवलं.

मग ती आणखी मागे गेली. कालची तालीम, गेला आठवडा, गेला महिना. बुलबुलच्या नावापुढे तिनं रोज काहीतरी लिहिलं होतं, अर्थ न कळता. 'मफलर. बोलत नाही.' 'मफलर. थंड पाणी, दोन पेले.' 'थंड पाणी.' आणि काल: 'डोकं फ्रेमबाहेर, दोन बोटं. स्टँड जागेवर.'

कॅमेरा हलला नव्हता. फुली हलली नव्हती. तिसरी एकच गोष्ट उरत होती, आणि तिच्यावर कुणी संशय घेतला नव्हता. कारण ती रोज डोळ्यांसमोर होती.

घड्याळात सव्वा वाजला होता. नोंद जागची उठली. पण दाराशी जाऊन ती थबकली. तिला कळलं होतं ते सगळ्यांसमोर सांगितलं, की दादा सुटणार होता. आणि जी गोष्ट लपवण्यासाठी दुसऱ्या एकानं चोरी केली होती, नेमकी तीच गोष्ट दीडशे जणांत पसरणार होती.

७

शेवटचा तास मैदानावर खेळाचा होता. बुलबुल एकटाच वर्गात बसला होता. नोंद त्याच्या समोरच्या बाकावर उलटी बसली.

"मी बोलते. तू फक्त ऐक. चुकलं तर मान हलव."

तो हलला नाही.

"तू लिहिलंस, 'निळा बिघडलेला.' निळा दादानं काल सगळे गेल्यावर बनवला. सकाळपासून तो माझ्या खिशात आहे. तो ऐकलाय फक्त एकानं, सात चोवीसला. आणि तो बिघडलाय असं फक्त त्यालाच वाटेल, जो मंगळवारच्या बैठकीला नव्हता. बाकीच्यांना माहीत आहे की तो मुद्दाम दुप्पट वेगाचा आहे. गिरकीही नव्हती बैठकीला. पण तिला निळा आहे हेच माहीत नाही. माहीत असतं तर 'मग रडताय कशाला' असं विचारून तिनं माझा जीव खाल्ला नसता."

बुलबुलचे कान लाल झाले.

"आता दुसरं. घसा दुखणारा माणूस थंड पाणी पीत नाही. तू महिनाभर पितोयस. म्हणजे घसा दुखत नाही. तरी बोलत नाहीस." ती जरा थांबली. "आणि काल कॅप्टन दादाला बोलली ते उगाच. स्टँड हलला नव्हता. दोन महिन्यांत तू दोन बोटं उंच झालास. माझा मोठा चुलतभाऊ असाच एकदम वाढला होता. तेव्हा त्याचा आवाजही फुटला."

मैदानावरून शिट्टीचा आवाज आला. मग बुलबुलनं गड्डी ओढली आणि लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं.

'मध्येच जाड होतो. मध्येच चिरकतो. सगळे मला त्या आवाजासाठी ओळखतात. उद्या सगळ्यांसमोर पूर्ण आवाजात गायचं म्हणाली.'

"हो. ते कळल्यावर तू आज सकाळी आलास."

'गाणं नसलं तर शूटिंग नाही. घसा बसलाय म्हटल्यावर दुसरी गाईल. कुणाला कळणार नाही.'

"पेनड्राइव्ह फेकलास?"

त्यानं जोरात मान हलवली. कंपासपेटी उघडली. लाल पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळलेला होता. त्यानं लिहिलं, 'तो आवाज परत येणार नाही. कसा फेकू?'

मग घाईघाईनं खाली: 'सांगू नकोस. हा घे. कुठेतरी सापडला म्हण.'

नोंदनं त्याच्याकडे पाहिलं. हात पुढे केला असता तर सगळं मिटलं असतं. शूटिंग झालं असतं. तिनं हात मांडीवरच ठेवला.

"कुठेतरी सापडला म्हटलं तर बाई म्हणतील, भावानं घाबरून बहिणीकडे दिला. दादा कायमचा चोर होईल." तिनं वही मिटली. "तुझ्या आवाजाचं मी कुणाला सांगणार नाही. वचन. पण दादानं घेतला नाही, हेही मी खोटं होऊ देणार नाही. तीनला मी बाईंसमोर एवढंच म्हणेन की मला माहीत आहे, पण सांगायचा हक्क माझा नाही. पुढचं तू ठरव."

तीन वाजायला वीस मिनिटं होती.

८

मोठ्या बाईंच्या खोलीत टेबलापुढे दादा उभा होता. बाजूला सर, कॅप्टन, आणि बोलावलं नसताना आलेली गिरकी.

"सांग," मोठ्या बाई नोंदला म्हणाल्या. "सरांचं म्हणणं आहे तू चौकशी केलीस."

"दादानं घेतला नाही, बाई."

"मग कुणी?"

"मला माहीत आहे. पण सांगायचा हक्क माझा नाही."

"हे उत्तर झालं?"

"नाही, बाई."

दादानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी चष्मा नीट केला, वहीतला नंबर शोधला आणि फोन लावला. खोलीत फोनची घंटी ऐकू येत होती. एकदा. दोनदा. दादानं डोळे मिटून घेतले. तीनदा.

दार न ठोठावताच उघडलं गेलं.

बुलबुल आत आला. गळ्यात मफलर नव्हता. त्यानं रुमाल टेबलावर ठेवला आणि उलगडला. लाल पेनड्राइव्ह पाहून कॅप्टनच्या तोंडून किंकाळी निघाली.

"कुठे मिळाला तुला?" सरांनी विचारलं.

बुलबुलच्या हातात कागदाची गड्डी होती. कॅप्टननं पटकन पेन पुढे केलं. त्यानं पेनाकडे पाहिलं, घेतलं नाही. छातीत श्वास भरला.

"मी घेतला होता," तो म्हणाला.

पहिले दोन शब्द एखाद्या मोठ्या माणसाचे निघाले आणि तिसरा इतका चिरका की गिरकी फिस्सकन हसली. मग तिनं तोंडावर हात दाबला आणि तो तसाच ठेवला.

"सकाळी मीच घेतला. दादानं नाही." आवाज घसरत, अडखळत, वर-खाली होत राहिला, तो थांबला नाही. "त्याला काही माहीत नव्हतं. मला असं सगळ्यांसमोर गायचं नव्हतं. चूक माझी. आईला... माझ्या आईला फोन करा."

"हॅलो?" टेबलावरच्या फोनमधून दादाची आई विचारत होती. "हॅलो, कोण बोलतंय?"

मोठ्या बाईंनी फोन कानाला लावला. त्यांची नजर बुलबुलवरून दादावर गेली.

"शाळेतून बोलतेय. काळजीचं काही नाही. उद्या शूटिंग आहे ना, तुमच्या मुलाला सातला पाठवा. त्याच्याशिवाय इथे काही होत नाही, एवढंच सांगायचं होतं."

फोन ठेवून त्यांनी कॅमेरा खणातून काढला आणि स्वतःच्या हातानं दादाकडे दिला. मग बुलबुलकडे वळल्या. "तुझ्याशी उद्यानंतर बोलेन. आणि ते बोलणं सोपं नसेल. दुसऱ्याच्या नावावर दिवसभर डाग राहिलाय."

"हो, बाई," बुलबुल म्हणाला. या वेळी आवाज जाडच लागला.

सरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "गाढवा, मला सांगायचंस की. माझाही असाच फुटला होता. माझे वडील म्हणायचे, घरात बेडूक शिरलाय."

कॅप्टन तोवर वेळापत्रकावर वाकली होती. "थांबा, थांबा. पूर्ण आवाज फक्त जवळच्या शॉटला लागतो. दुरून गळ्याच्या शिरा दिसतच नाहीत, तिथे नुसते ओठ चालतील. जवळचे सगळे शॉट सकाळी घेऊ, आपण पाच-सहा जण. प्रेक्षक अकरानंतर आत." तिनं बाण काढून दोन ओळींची अदलाबदल केली आणि मान वर केली. "पाच मिनिटांचं काम होतं रे! विचारलं का नाहीस?"

"तू विचारायला जागा ठेवली नव्हतीस," गिरकी म्हणाली.

कॅप्टननं वेळापत्रक खाली ठेवलं. मग दादासमोर जाऊन उभी राहिली. "स्टँड तू हलवला नव्हतास. मी सगळ्यांसमोर ओरडले होते, म्हणून सगळ्यांसमोर सांगते. माझं चुकलं."

"उद्या स्टँड दोन बोटं वर घेतो," दादा म्हणाला. एवढंच.

शाळा सुटली. भाऊ-बहीण फाटकाबाहेर पडले आणि कोपऱ्यापर्यंत आले.

"एक विचारू?" दादा म्हणाला. "माझ्यावर संशय घेतलास?"

नोंदनं वही छातीशी धरली होती. खोटं बोलणं सोपं होतं.

"हो. मधल्या सुट्टीत. बारा ते सव्वा एक."

दादा थांबला. तिचा चेहरा निरखत राहिला. ती रडायच्या बेतात होती, पण तिनं नजर खाली घातली नाही.

"मग सोडलंस कशावरून? भाऊ म्हणून?"

"नाही. पुराव्यावरून."

त्यानं तिच्या पाठीवरचं दप्तर काढून आपल्या खांद्यावर अडकवलं.

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "मग उद्या कुणी काही म्हणू शकणार नाही."